पावणेपाचचा शेक

रविवारी पहाटे पावणेपाचला स्वयंपाकघरातला दिवा लावून मी मिक्सर फिरवला. घरातले झोपेतून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भांड्यात पाव लिटर म्हशीचं दूध होतं, व्हे प्रोटीनचा एक स्कूप, एक केळं आणि पीनट बटरचा शिगोशीग भरलेला चमचा. साडेपाचला अठरा किलोमीटरची लाँग रन सुरू व्हायची होती. पाऊण तास हातात होता आणि शेक तर पातळच, पिऊन टाकला की झालं, असा माझा हिशेब.

तिसऱ्या किलोमीटरला पोट डचमळायला लागलं. पाचव्याला आंबट ढेकर आले, सातव्याला मळमळ, आणि नववा पुरा व्हायच्या आत मी एका बंद टपरीच्या फळीवर डोकं धरून बसलो होतो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे एक दादा आमच्या ग्रुपमध्ये नेहमी मागे राहून पळतात, बहुधा अशाच लोकांना गोळा करायला. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "काय खाऊन आलास?" मी यादी सांगितली. ते म्हणाले, "अरे, हे जेवण झालं. जेवून पळतं का कोणी?"

जेवून पळू नये हे मलाही ठाऊक होतं. पण जे चावावं लागतं ते जेवण आणि जे ग्लासातून पिता येतं ते हलकं, अशी माझी समजूत होती. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते बरंचसं त्या समजुतीबद्दल आहे.

जठर म्हणजे अन्न साठवायची पिशवी असं आपण शाळेपासून मानत आलो. तिचा वरचा भाग खरोखरच पिशवीसारखा आहे. घास आला की तो सैल पडतो आणि जागा करून देतो. खालचा भाग मात्र जात्यासारखा वागतो. मिनिटाला साधारण 3 या ठेक्याने तो आकसतो आणि अन्न घुसळून बारीक करतो. शेवटी पायलोरस नावाचं स्नायूंचं कडं असतं. घन अन्न एक-दोन मिलिमीटर इतकं बारीक होईपर्यंत हे कडं त्याला पुढे सोडत नाही, पुन्हा मागे ढकलतं. पाण्याला अशी अट नाही. साधं पाणी झरझर निघून जातं.

शेकला बारीक होण्याची अट लागू होत नाही, पण दुसरी एक चौकी लागते, आणि ती जठरात नसून पुढे लहान आतड्यात आहे. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या काही पेशी आलेल्या रसात काय आहे ते सतत चाचपत असतात. त्यांना चरबी किंवा प्रथिनांचे तुकडे जाणवले की त्या कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडतात, आणि जठराला निरोप जातो: जरा दमानं घे, इथे आधीचं संपू दे. त्यामुळे जठर किती मिलिलिटर सोडतं यापेक्षा किती उष्मांक सोडतं हे जास्त ठरलेलं असतं. ढोबळ मानाने मिनिटाला 2 ते 3 किलोकॅलरी. चरबी सगळ्यांत जास्त रेंगाळते, प्रथिनंही रेंगाळतात, साखर आणि पिष्ट त्या मानाने लवकर सुटतात.

टपरीच्या फळीवर नाही, पण घरी आल्यावर मी हा हिशेब केला. म्हशीचं पाव लिटर दूध म्हणजे साधारण 250 किलोकॅलरी, व्हेचा स्कूप 120, केळं 100, पीनट बटर 100. एकूण 570. मिनिटाला अडीच धरले तर हा ग्लास रिकामा व्हायला पावणेचार तास लागतात. मी दिले होते पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे पळायला सुरुवात केली तेव्हा त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पुढे गेला होता, आणि उरलेले साडेचारशे किलोकॅलरी माझ्याबरोबर अठरा किलोमीटर पळायला निघाले होते.

बरं, पोटात गेलेलं दूध दूध राहत नाही. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असतं, आणि ते आम्लात गोळा होतं. लिंबू पिळून आपण दूध नासवतो आणि पनीर करतो, तेच काम जठर लिंबाशिवाय करतं. म्हणजे मी ग्लासातून पातळ प्यायलो असलो तरी आत त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. व्हे हे दुधाचं निवळ पाणी, पनीर केल्यावर खाली उरतं ते. ते गोळा होत नाही, म्हणून लवकर सुटतं. फ्रान्समधल्या इव्ह बुआरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ही दोन्ही प्रथिनं माणसांना पाजून रक्त तपासत ठेवलं. व्हे प्यायल्यावर रक्तातली अमिनो आम्लं झपाट्याने चढली आणि काही तासांत उतरली. केसीनची पातळी कमी उंचीवर पण जवळपास 7 तास टिकून राहिली. तेव्हापासून खेळाडूंच्या बोलण्यात झटपट प्रोटीन आणि संथ प्रोटीन असे दोन प्रकार आले. व्हेचं झटपटपण खरं आहे. पण ते म्हशीच्या दुधात घातलं आणि वर शेंगदाण्याचं तेल ओतलं की त्या झटपटपणाचा उपयोग काय?

प्रथिनांची आणखी एक खोड आहे. ती जठराला आम्ल जास्त सोडायला लावतात. प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे गॅस्ट्रिन नावाच्या संप्रेरकाला उठवतात आणि गॅस्ट्रिन आम्लाच्या ग्रंथींना. पचनासाठी हे योग्यच आहे, कारण प्रथिन फोडायला आम्ल लागतंच. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचं आम्ल जागेवर राहतं. धावणारा मिनिटाला 160-180 पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला त्याच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोराचा दणका खालून बसतो. अर्धं भरलेलं जठर तासभर असं हिंदकळलं की त्यातलं थोडं वर अन्ननलिकेत येणारच. सायकलवाल्यांना पोटाचे त्रास धावणाऱ्यांपेक्षा कमी होतात, यात या दणक्यांचा हात मोठा आहे.

व्यायाम आणि जठर यांचं नातं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं गेलं ते एका अपघातामुळे. 1822 साली अमेरिकेतल्या ह्यूरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचे छर्रे लागले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण पोटावरची जखम पूर्ण मिटली नाही. जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. बोमाँट यांनी पुढची काही वर्षं त्या भोकातून अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि 1833 मध्ये पुस्तक लिहिलं. (सेंट मार्टिन या सगळ्याला कंटाळून मधूनमधून पळून जात असे, आणि मला तरी त्याचीच बाजू पटते.) त्या पुस्तकातलं एक निरीक्षण आपल्या कामाचं आहे: हलक्या व्यायामाने पचनाला मदत होते, दमवणाऱ्या व्यायामाने ते मंदावतं. आजच्या प्रयोगशाळांनी यात एवढीच भर घातली आहे की हलकं आणि दमवणारं यांच्यातली सीमा साधारण कुठे पडते. शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या आसपास. गप्पा मारत पळता येतं तोवर जठर आपलं काम करत राहतं. वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं की तेही रेंगाळतं. उन्हात, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आणखीच.

याचं कारण रक्तात आहे. आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फेकतं. त्यातलं दीड लिटरच्या आसपास पोटातल्या अवयवांकडे जातं. जोरात पळायला लागलं की मज्जातंतू पोटाकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त पायांकडे, आणि अंगातली उष्णता बाहेर पडावी म्हणून त्वचेकडे, वळतं. पोटाचा वाटा 80 टक्क्यांनीही घटू शकतो. आतड्याचं अस्तर हे शरीरातल्या सगळ्यांत नाजूक आणि सतत नव्याने घडणाऱ्या भागांपैकी एक. त्याला तासभर उपाशी ठेवलं की त्याच्या पेशी इजा झाल्याच्या खुणा रक्तात सोडायला लागतात. आता अशा वेळी जठराने एका मोठ्या शेकचं काम हाती घेतलेलं असेल तर काय होईल याची कल्पना करायला डॉक्टर असण्याची गरज नाही. जाताजाता एक सांगून ठेवतो, शर्यतीच्या सकाळी गुडघ्यासाठी म्हणून आयब्युप्रोफेन घेणारे पुष्कळ आहेत. ती गोळी आतड्याच्या अस्तराची ही इजा वाढवते. प्रोटीनपेक्षा तिची काळजी जास्त करायला हवी.

शर्यतीच्या दिवशी खाल्लेलं आणि झालेला त्रास यांची गाठ घालणारा जुना आणि अजूनही वारंवार सांगितला जाणारा अभ्यास 1992 चा आहे. नॅन्सी रेहरर आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिन्ही अंगं असलेल्या लांब शर्यतीतल्या खेळाडूंना त्यांनी काय खाल्लं-प्यायलं ते विचारलं. ज्यांना उलटी झाली किंवा होईलसं वाटलं, त्यांनी शर्यतीआधी चरबी आणि प्रथिनं जास्त खाल्ली होती. सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात ज्यांनी खाल्लं, त्यांना पोहतानाच उलटीने गाठलं किंवा तिची भावना झाली. ज्यांच्या आतड्यात कळा आल्या, त्या सगळ्यांच्या आधीच्या जेवणात चोथा भरपूर होता. यात प्रथिनांवर थेट आरोप सिद्ध होतो का? माझ्या मते नाही. चरबी आणि प्रथिनं ताटात जोडीने येतात, चीजमध्ये, मटणात, शेंगदाण्यात, आणि एकाच्या गुन्ह्यात दुसरा सहज पकडला जातो. पण आरोपीला त्या वेळी त्या जागी पाहिलं गेलं होतं, एवढं नक्की.

आणि मग गोष्ट उलटी फिरते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात रिआनन स्नाइप, रिकार्डो कोस्टा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना 35 अंशांच्या उष्णतेत 2 तास पळवलं. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळी पेयं दिली, पळण्याआधी आणि मग दर 20 मिनिटांनी: एकदा नुसतं पाणी, एकदा 15 ग्रॅम ग्लुकोज घातलेलं, एकदा आधीच फोडून पचायला सोपं केलेलं व्हे प्रोटीन घातलेलं. पाण्याच्या दिवशी आतड्याच्या इजेची खूण रक्तात कित्येक पटींनी वाढली. ग्लुकोजच्या दिवशी ती वाढ फारच थोडी होती. आणि प्रोटीनच्या दिवशीही. आतड्यात काहीतरी शोषण्यासारखं आलं की शरीर तिकडे थोडं रक्त राखून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे ज्या प्रोटीनला आपण गुन्हेगार ठरवत होतो ते अस्तराची राखणही करत होतं. गंमत अशी की ते पेय पिणाऱ्यांच्या पोटाला सोसणं मात्र ग्लुकोजपेक्षा अवघड गेलं. आतडं सुरक्षित आणि माणूस हैराण. मळमळ ही इजेची पावती नसते आणि मळमळ नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नसतं, हे या प्रयोगाने मला शिकवलं. तेच राखणीचं काम साखर निमूटपणे करत असेल, तर पळता पळता प्रोटीन पिण्याचा हट्ट मी तरी सोडून दिला.

पण मुळात पळण्याआधी प्रोटीन हवंच कशाला? स्नायू प्रथिनांचे असतात, तेव्हा स्नायूंना काम करायला प्रथिनंच लागत असणार, हा विचार इतका सरळ वाटतो की एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानेही तेच मानलं होतं. 1865 च्या ऑगस्टमध्ये आडोल्फ फिक आणि योहान्नेस विस्लिसेनुस या झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी ते तपासायला स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढायचं ठरवलं. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिनं बंद केली. चढताना खाल्ले ते पिष्टाचे चरबीत तळलेले वडे आणि गोड चहा. पायथ्याच्या सरोवराच्या काठापासून शिखरापर्यंत 1956 मीटर चढ. सगळी लघवी बाटल्यांत जमवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला, कारण प्रथिन जळलं की नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. जेवढं प्रथिन जळल्याचा हिशेब निघाला त्यातून एवढा चढ चढण्याइतकी ऊर्जा मिळणं शक्यच नव्हतं. स्नायू चालले होते ते मुख्यतः पिष्ट आणि चरबीवर. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी दोन प्राध्यापकांनी बाटल्या वाहत सिद्ध केलेली ही गोष्ट मी पावणेपाचला मिक्सर लावताना विसरलो होतो.

प्रोटीनची गरज खोटी नाही. लांब पळणाऱ्याला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला 72 ते 120 ग्रॅम. वरणभात, पोळीभाजी आणि वाटीभर दही यांत ही संख्या गाठणं कठीण जातं, म्हणून शाकाहारी पळणारा हातघाईला येतो आणि सापडेल त्या वेळी प्रोटीन कोंबतो. पण स्नायूची डागडुजी ही व्यायामानंतर सुमारे दिवसभर चालणारी गोष्ट आहे. सकाळी पाचला मिळालेल्या 25 ग्रॅमपेक्षा सकाळी नऊला मिळालेले 25 ग्रॅम तिला काही कमी दर्जाचे वाटत नाहीत. आपल्याकडच्या तालमींत हे शहाणपण फार जुनं आहे. पैलवानाची बदाम घोटलेली थंडाई मेहनत झाल्यावरची असते. जोर-बैठकांच्या आधी लोटाभर थंडाई पिणाऱ्याला उस्तादाने काय सुनावलं असतं ते सांगायला नको.

मग पळण्याआधी काय? मला विचाराल तर घड्याळ आधी आणि पदार्थ नंतर. तीन-चार तास असतील तर साधं जेवण चालतं, त्यात अंडं असो की दही, फक्त तूप-तेल आणि कोशिंबीर बेतानं. दीड-दोन तास असतील तर इडली. इडलीतल्या उडदातून थोडं प्रथिन मिळतं, चरबी जवळजवळ नाही, आणि आंबवल्यामुळे ती मऊही असते. अर्धा-पाऊण तास असेल तर केळं, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा एक लाडू, बस. साबुदाण्याची खिचडी पचायला हलकी असा आपल्याकडे उपवासामुळे एक गैरसमज आहे. शेंगदाण्याचं कूट आणि तूप पाहता ती माझ्या त्या शेकची सख्खी बहीण आहे. आदल्या रात्रीची मटकीची उसळ हा निराळा विषय. तिच्यातल्या रॅफिनोजसारख्या साखरा आपल्याला पचतच नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि वायू करतात. त्याचा हिशेब सकाळी बाराव्या किलोमीटरला होतो. दूध ज्यांना पचत नाही, आणि असे लोक भारतात थोडेथोडके नाहीत, त्यांनी व्हेचा डबा उलटा करून बघावा; स्वस्त पावडरींत लॅक्टोज बरंच असतं. प्रोटीन बारमध्ये साखरेऐवजी घातलेले माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हेही पोट बिघडवण्यात पटाईत.

पोटाला सवय लावता येते, हेही खरं. पळताना मुद्दाम खात-पीत राहिलं तर काही आठवड्यांत ते सोसायला लागतं, म्हणून शर्यतीतलं खाणं लाँग रनला आधी करून बघतात. पण शरीराला काय हवं आहे आणि काय नुसतं सोसायला शिकवायचं आहे, यात निवड करायची झाली तर मी पिष्टाला सवय लावीन.

मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत मी पळालो त्या वर्षी ती पहाटे 5 ला सुरू होणार होती. तीन तास आधी म्हणजे रात्री दोन. मी दादरला मावशीकडे उतरलो होतो. गजर दोनचा लावला आणि मावशी माझ्याआधी उठलेली. तिने मऊ भात आणि मेतकूट समोर ठेवलं, तूप मी नको म्हणालो तर तिचा चेहरा पडला. "एवढं बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि नुसत्या भातावर? शेंगदाण्याचे लाडू केलेत, दोन तरी खा." मी म्हणालो, "मावशी, डब्यात दे, नंतर खातो." ती पुटपुटत राहिली, पण डबा दिला.

पेडर रोडचा परतीचा चढ त्या दिवशी पायांनी भोगला, पोटाने नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावर आझाद मैदानात बॅग सोडवून घेतली, डबा उघडला आणि तसाच मिटला. रक्त पायांकडून पोटाकडे परतायला थोडा वेळ घेतं. पहिला अर्धा तास पाण्याचे आणि मीठ-साखर-लिंबाच्या सरबताचे घोटच खाली उतरत होते. मग हळूहळू भूक लागली, अशी की समोरून जाणाऱ्या कुणाच्याही हातातलं ओढून घ्यावं. पहिला लाडू संपला, दुसरा अर्धा झाला, तेव्हा फोन वाजला.

"खाल्लास का रे?"

तोंडात लाडू असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.